पोटावरचे तोंड

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी सिस्टर पेन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काका, पायजम्याची नाडी नेहमी जिथे बांधता तिथे बांधा, आणि खाली उकिडवे बसा."

मी बसलो. मग त्यांनी मांडी घालायला लावली, उभे राहायला लावले, पुढे वाकायला लावले, शेवटी आडवे केले. दर वेळी पोटाला घडी कुठे पडते, नाडीची गाठ कुठे येते, कंबरेचे हाड कुठे लागते, हे त्या पाहत होत्या. मग बेंबीच्या डाव्या अंगाला, थोडे खाली, त्यांनी एक ठिपका काढला. "इथे तुम्हाला दिसतं का? हात पोचतो का?" दिसत होते, हातही पोचत होता. "मग उद्या इथेच," असे म्हणून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सर्जनने माझे गुदाशय काढले आणि मोठ्या आतड्याचे टोक त्या ठिपक्यावर बाहेर आणून शिवले. आज चार वर्षे झाली. शस्त्रक्रियेने जीव वाचवला, हे खरेच. पण त्यानंतर मला जेवायला पंगतीत बसता येते, एसटीने धुळ्याला जाता येते, रात्री कुशीवर झोपता येते, ते त्या दहा मिनिटांमुळे आणि त्यामागच्या ज्ञानामुळे. हे ज्ञान आले कुठून, याचा शोध मी नंतर घेतला. एरवी मी तापीकाठचे जुने घाट आणि उतार यांचे कागद शोधत असतो. डॉक्टर नाही. पण शोधण्याची सवय आजारपणातही सुटत नाही. या शोधात जे हाती लागले आणि जे अंगावर निभावले, ते दोन्ही इथे मांडतो.

शब्द आणि शरीर

स्टोमा हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ तोंड. आपणही गळवाला तोंड पडले म्हणतो, तसेच हे पोटावरचे तोंड. आपल्याकडे त्याला सोपा शब्द रूढ झालेला नाही. लोक नुसते 'पिशवी लावली' म्हणतात, आणि तेही आवाज खाली आणून.

लहान आतडे साधारण सहा मीटर लांब असते, मोठे दीड मीटर. आतड्याचा रोगट भाग काढला की शक्य असेल तिथे उरलेली दोन टोके जोडतात. कधी जोडणे शक्य नसते. कधी जोड नाजूक असतो आणि तो भरून येईपर्यंत त्यावरून मळ जाऊ देणे धोक्याचे असते. अशा वेळी निरोगी आतडे पोटाच्या भिंतीतून बाहेर काढतात आणि सदऱ्याची बाही दुमडावी तसे उलटून कातडीला शिवतात. ते लाल आणि ओलसर दिसते, गालाच्या आतल्या बाजूसारखे. त्याला हात लावला तर दुखत नाही, कारण वेदना कळवणाऱ्या मज्जातंतूंची टोके तिथे नसतात. पुसताना किंचित रक्त दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र गुदद्वाराला असतो तसा आवळणारा स्नायू इथे नाही. म्हणजे 'थांब' म्हणण्याची सोय नाही. म्हणून पिशवी.

मोठे आतडे बाहेर आणले तर ती कोलोस्टॉमी. ती बहुधा पोटाच्या डाव्या बाजूला असते आणि मळ पुष्कळसा नेहमीसारखा घट्ट येतो. लहान आतड्याचे शेवटचे टोक आणले तर इलिओस्टॉमी. ती बहुधा उजव्या बाजूला असते. तिच्यातून पातळ मळ येतो आणि त्यात पाचक रस असतात. हे रस कातडीवर सांडले तर कातडी सोलवटते. म्हणून इलिओस्टॉमी सपाट न ठेवता दोन-अडीच सेंटिमीटर उंच, तोटीसारखी ठेवतात. यातले काही स्टोमा तात्पुरते असतात. काही महिन्यांनी, किंवा केमोथेरपी संपल्यावर, ते बंद करून आतडे पुन्हा आत घेतात. काही कायमचे असतात. माझा कायमचा आहे.

कारणे अनेक आहेत. मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग, आतड्याला पीळ पडणे, अल्सरेटिव्ह कोलायटिस, अपघात. आपल्या देशात टायफॉइडने किंवा क्षयाने आतड्याला छिद्र पडणे हेही एक कारण. गुदद्वाराविना जन्मलेल्या बाळालाही पहिल्या काही दिवसांतच स्टोमा करावा लागतो. तेव्हा ही फक्त म्हाताऱ्यांची किंवा कर्करोग्यांची गोष्ट नाही.

माझ्या बाबतीत चूक माझीच. शौचावाटे रक्त जात होते ते मी आठ महिने मूळव्याध म्हणून अंगावर काढले. कोणाला दाखवलेच नाही. लाज हे एक कारण. दुसरे असे की आमच्याकडे मूळव्याध सगळ्यांनाच असते आणि औषध सगळ्यांनाच ठाऊक असते. शेवटी ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी हातमोजा घालून बोटाने तपासले. एका मिनिटाची तपासणी, आणि गाठ लागली. रक्त जाणे, शौचाच्या सवयीत बदल, पोट साफ न झाल्याची भावना, उगीच वजन उतरणे, यांतले काही दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले तर ही एका मिनिटाची तपासणी टाळू नये.

सर्जन थांबले तिथून पुढे

आपल्याकडे हे पूर्वीच होते का, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात उदररोगांच्या अध्यायात बेंबीच्या डाव्या बाजूला पोट उघडून आतडे तपासण्याची, आतला अडथळा काढण्याची आणि छिद्र पडलेल्या आतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चाववून जुळवण्याची पद्धत दिली आहे. हे थक्क करणारे आहे. पण तो आतड्याचा सांधा आहे, स्टोमा नव्हे. जे आहे तेवढेच म्हणावे, त्यात त्या ग्रंथाचा मान कमी होत नाही.

१७१० मध्ये फ्रान्समध्ये लित्र नावाच्या वैद्याने जन्मतः गुदद्वार नसलेल्या बाळाचे शवविच्छेदन केले आणि आतडे पोटावर आणून असे बाळ वाचवता येईल, अशी कल्पना मांडली. १७९३ मध्ये ब्रेस्त येथे द्यूरे यांनी तसे केले. ते बाळ ४५ वर्षे जगले. १९०८ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशयाच्या कर्करोगात पोटाकडून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय काढून कायमची कोलोस्टॉमी करण्याची शस्त्रक्रिया मांडली. माझी शस्त्रक्रिया तिचीच वंशज.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट खटकते. पोटावर तोंड कसे करायचे हे सर्जनांनी दोनशे वर्षांत शिकून घेतले. पण त्या तोंडातून जे येईल त्याचे काय करायचे, हा प्रश्न कोणी आपला मानला नाही. रोगी घरी जाई आणि कापडाच्या घड्या, डबे, रबरी पट्टे यांवर दिवस काढी. इलिओस्टॉमीवाल्यांची कातडी जळून जाई. वासामुळे माणूस घरात असून घराबाहेर पडे.

उत्तर शोधले ते ज्यांच्या पोटावर हे होते त्यांनी, किंवा त्यांच्या अगदी जवळच्यांनी. शिकागोतल्या कोएनिग नावाच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला इलिओस्टॉमी होती. त्याने कातडीला चिकटणारी रबरी पिशवी तयार केली आणि १९४०च्या दशकात ती इतरांपर्यंत पोचली. डेन्मार्कमध्ये टोरा नावाच्या तरुणीला स्टोमा झाला आणि ती घराबाहेर पडेनाशी झाली. तिची बहीण एलिसे सोरेन्सन परिचारिका होती. तिने १९५४ मध्ये प्लास्टिकची, चिकटणारी, वापरून टाकून देता येईल अशी पिशवी कल्पिली. त्यातून १९५७ मध्ये कोलोप्लास्ट ही कंपनी निघाली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यांनी १९५२ मध्ये आतडे उलटे दुमडून तोटी करण्याची साधी युक्ती प्रसिद्ध केली. आज सगळीकडे तीच वापरतात.

अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रुपर्ट टर्नबुल हे सर्जन होते. नॉर्मा गिल ही त्यांची रुग्ण. वर्षानुवर्षे कोलायटिसने हैराण होऊन तिने १९५४ मध्ये इलिओस्टॉमी करून घेतली होती. बरी झाल्यावर ती इतर रुग्णांना मदत करू लागली. १९५८ मध्ये टर्नबुल यांनी तिलाच कामावर घेतले. ती ना डॉक्टर होती ना परिचारिका, पण जगातली पहिली स्टोमा थेरपिस्ट ती झाली. १९६१ मध्ये तिथे या कामाचे शिक्षण सुरू झाले. माझ्या पोटावर ठिपका काढणाऱ्या सिस्टरांची विद्या त्या बाईपासून आलेली आहे.

हे वाचताना एका ठिकाणी मी थबकलो. टर्नबुल यांना १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस असे आढळले की कराया नावाच्या गोंदाची पूड ओल्या, सोललेल्या कातडीलाही चिकटून राहते आणि तिचे रक्षण करते. पुढे कित्येक वर्षे कराया गोंदाच्या चकत्या स्टोमाभोवती लावल्या जात. हा गोंद जगाला प्रामुख्याने भारत पुरवत होता. त्याचे झाड म्हणजे कांडोळ. पांढऱ्या, गुळगुळीत खोडाचे, उन्हाळ्यात पाने झाडून उभे राहिले की चांदण्यात भुतासारखे दिसणारे. म्हणून काही भागांत त्याला भुत्या म्हणतात. शिरपूरहून उत्तरेला सातपुड्यात शिरले की कोरड्या, खडकाळ उतारांवर ते दिसते. कुऱ्हाडीने घाव घालून गोंद काढण्याच्या पद्धतीमुळे ही झाडे जागोजाग कमी झाली आहेत. आज पिशवीच्या चकतीत बहुतेक ठिकाणी पेक्टिन, जिलेटिन असे पदार्थ असतात, पण कराया अजून पुरता गेलेला नाही. ज्या झाडाखालून मी पंचवीस वर्षे वहीपेन्सिल घेऊन हिंडलो, त्याच्या चिकाने दूरदेशीच्या माणसांची कातडी वाचवली, हे मला पोटावर पिशवी आल्यानंतर कळले.

तयारी

माझी गाठ खाली, गुदद्वाराजवळ होती. आधी पाच आठवडे रेडिएशन आणि सोबत केमोच्या गोळ्या, मग काही आठवडे थांबून शस्त्रक्रिया, असा क्रम ठरला. सगळ्यांनाच एवढा वेळ मिळत नाही. मिळाला तर तो वाया घालवू नये.

पहिले, तंबाखू बंद. खान्देशात हे सांगणे सोपे, करणे कठीण. पण तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, आतड्याचा जोड सुटण्याची भीती वाढते आणि भूल उतरल्यावर छातीत कफ साठतो. दुसरे, रोज चालणे आणि श्वासाचे व्यायाम. तीन चेंडूंचे प्लास्टिकचे यंत्र देतात, ते ओढून चेंडू वर आणायचे. तिसरे, रक्त वाढवणे आणि खाणे. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टर गोळ्या किंवा इंजेक्शने देतात. अंडी, डाळी, दूध यांनी प्रथिने भरून काढावीत. आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे औषध पुष्कळ पाण्यातून पाजतात. ते संपवणे हीच एक परीक्षा असते. पूर्वी मध्यरात्रीपासून थेंबभर पाणी देत नसत. आता अनेक ठिकाणी भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत नितळ पेय चालते. पण आपल्या भूलतज्ज्ञांनी जे सांगितले तेच करावे.

चौथे, ठिपका. नियोजित शस्त्रक्रियेत तो आधी काढून घ्या, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. स्टोमा पोटाच्या सरळ स्नायूतून यावा, जुन्या व्रणापासून, घडीपासून आणि हाडापासून दूर असावा आणि रुग्णाला स्वतःला दिसावा. आपल्याकडे आणखी काही पाहावे लागते. साडीच्या निऱ्या कुठे खोचतात, धोतराची गाठ कुठे येते, माणूस मांडी घालून जेवतो का, नमाजात वाकतो का, शेतात उकिडवे बसून निंदणी करतो का. हे सगळे सिस्टरांना आपणहून सांगावे. खुर्चीवर बसून काढलेला ठिपका जमिनीवर बसणाऱ्याला दगा देऊ शकतो.

पाचवे, पैसे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या कक्षात आधीच चौकशी करावी. आणि शस्त्रक्रियेचा खर्च वेगळा, पिशव्यांचा वेगळा, हे धरून चालावे. पिशव्या दर महिन्याला लागतात. त्या घरखर्चात मांडाव्या लागतात, वीजबिलासारख्या. अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे. तिच्यात स्टोमाचे नाव वेगळे घातलेले नाही.

सहावी तयारी मनाची. तिचे औषध एकच, ज्याला स्टोमा आहे असा माणूस भेटणे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे आणि तिथे परिचारिकांना हे काम शिकवलेही जाते. ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईतच आहे, आणि स्टोमा असलेली माणसे तिथे नव्या रुग्णांना मदत करतात. माझ्या खाटेशी असाच एक निवृत्त गृहस्थ आला. शर्ट पँटमध्ये खोचलेला. म्हणाला, "माझी पिशवी कुठल्या बाजूला आहे, सांगा पाहू." मी त्याच्या पोटाकडे बराच वेळ पाहिले. ओळखता आले नाही. तो हसला आणि लोकलने घरी गेला. त्या रात्री मला झोप लागली.

घरी आल्यावर

दुसऱ्याच दिवशी उठवून चालवतात. पोटाला उशी धरून खोकायचे. पिशवीत आधी हवा येते. तिची सगळे अशी वाट पाहतात की जणू पाहुणाच येणार आहे. हवा आली म्हणजे आतडे जागे झाले. सुट्टीच्या आधी पिशवी बदलणे स्वतःच्या हाताने दोनदा तरी करून पाहावे, घरच्यांपैकी एकाला शिकवावे. माझ्या पत्नीने पहिल्या वेळी हातमोजे घातले, दुसऱ्या वेळी काढून ठेवले. त्यावर आम्ही काही बोललो नाही.

बदलण्याची रीत साधी आहे. चकती ओढून न काढता कातडी दाबत हलके सोडवायची. कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे. तेल, पावडर, सुगंधी साबण नको, त्याने नवी चकती चिकटत नाही. कातडी पूर्ण कोरडी करायची. स्टोमाचे माप घेऊन चकतीचे भोक दोन-तीन मिलिमीटर मोठे कापायचे. जास्त मोठे झाले तर उघड्या कातडीवर मळ लागतो, लहान झाले तर स्टोमा घासतो. पहिले सहा ते आठ आठवडे सूज उतरून स्टोमा लहान होत जातो, म्हणून दर वेळी नवे माप. चिकटवल्यावर तळहात मिनिटभर ठेवावा, ऊब मिळाली की चकती बसते. साधारण तीन ते पाच दिवसांनी चकती बदलतात. पिशवी मात्र एकतृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची. भरू दिली तर वजनाने सुटते.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. घामाने चकती लवकर सुटते, आणि पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीत ठेवलेल्या नव्या पिशव्यांचा डिंकही खराब होतो. माझा साठा माठाशेजारच्या कपाटात असतो. इलिओस्टॉमीवाल्यांनी उन्हाळ्यात विशेष जपावे. त्यांच्या शरीरातून पाण्याबरोबर मीठही जाते. नुसते पाणी पीत राहिल्याने भागत नाही, ओआरएस लागते. दिवसाला दीड लिटरच्या वर पातळ मळ जाऊ लागला, लघवी कमी झाली, चक्कर आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणखी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. स्टोमा जांभळा किंवा काळा पडणे, सतत रक्त वाहणे, पोटात कळा येऊन उलट्या होणे आणि पिशवीत काहीच न येणे, ताप. यांत सकाळची वाट पाहू नये. सहा ते आठ आठवडे जड उचलू नये. पाण्याचा हंडा, खताची गोणी तर नाहीच. स्टोमाशेजारी हर्निया होण्याची भीती पुढेही राहते. गुदाशय काढलेले असले तरी काही महिने शौचाला जावेसे वाटते. ती शरीराची जुनी आठवण असते, वेडेपणा नव्हे. खालची जखम, विशेषतः रेडिएशननंतर, भरायला वेळ घेते. लघवीच्या आणि शरीरसंबंधाच्या तक्रारी होऊ शकतात, कारण तिथल्या नसा शस्त्रक्रियेच्या जागेला लागूनच जातात. डॉक्टर घाईत असले तरी हे आपणहून विचारावे. त्यावर उपचार असतात.

जेवणाबद्दल लोक सगळ्यात जास्त भीती घालतात. पहिले काही आठवडे मऊ भात, वरण, ताक. नंतर एकेक पदार्थ थोडा थोडा आणून पाहायचा आणि वहीत लिहायचा. केळ्याने आणि भाताने मळ घट्ट होतो. केळ्यांच्या मुलखात राहतो याचे मला पहिल्यांदाच बरे वाटले. कांदा, लसूण, अंडी यांनी वास वाढतो, दही-ताकाने कमी होतो. बीट खाल्ल्यावर लाल दिसले तर घाबरू नये. इलिओस्टॉमीत शेंगदाणे, मका, ओले खोबरे, पेरूच्या बिया यांचा बोळा अडकू शकतो. ते पहिले दोन-तीन महिने टाळावेत आणि नंतरही फार चावून खावेत. माझी कोलोस्टॉमी असल्याने तेवढे बंधन नाही. पाचव्या महिन्यात वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली, आठव्या महिन्यात शेवभाजी. शेवभाजीने रात्री शिक्षा केली, पण पश्चात्ताप झाला नाही.

कायमच्या, डाव्या बाजूच्या कोलोस्टॉमीत आणखी एक सोय असते. दिवसाआड स्टोमातून कोमट पाणी घालून आतडे धुतले की मधल्या वेळात जवळजवळ काही येत नाही. हे सगळ्यांना चालत नाही, आणि सिस्टरांकडून शिकल्याशिवाय करूच नये. मी शिकलो. लग्नाला जायचे असेल तर आदल्या दिवशी करतो.

न केलेली एक भेट

आता या लेखाचे खरे कारण.

गावात विचारत, "भाऊ, आते कसं शे?" मी म्हणे, पोटाचे ऑपरेशन झाले, बरे आहे. पिशवीबद्दल घराबाहेर कोणाला सांगितले नव्हते. सदरे सैल शिवून घेतले होते. हे चांगले निभावत होते.

दोन वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका गावचे साठीचे गृहस्थ, माझ्या दूरच्या नात्यातले, असाच आजार निघाल्याचे कानावर आले. डॉक्टरांनी पिशवी लागेल म्हटले, तेव्हा ते तपासणीच्या खोलीतून उठून घरी आले. पिशवी लावून जगण्यापेक्षा मेलेले बरे, असे म्हणाले म्हणे. त्यांच्या मुलाने मला सहज सांगितले, मी शिकलेला माणूस म्हणून. त्याला माझे माहीत नव्हते. मी जायला हवे होते. मोटारसायकलने अर्धा तास. सदरा वर करून दाखवायला हवे होते. पण मग गावाला कळले असते. या आठवड्यात जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ, असे म्हणत मी गेलो नाही.

सात-आठ महिन्यांनी त्यांचे आतडे पूर्ण बंद झाले. पोट फुगून रात्री नेले, रात्रीच शस्त्रक्रिया झाली. पिशवी लागलीच. त्या घाईत उकिडवे बसवून ठिपका काढायला वेळ नसतो, यात कोणाचा दोष नाही. फुगलेल्या पोटावर जी जागा मिळाली ती नेमकी कंबरेच्या घडीत आली. बसले की चकती सुटे. रोग तोवर यकृतात गेला होता. शेवटचे दोन महिने ते ज्या पिशवीला भ्याले तिच्याशीच झगडत गेले. मी दहाव्याला गेलो, आणि त्यांच्या मुलाला अंगणात बाजूला घेऊन प्रथम सांगितले. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. "काका, तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?" एवढेच म्हणाला.

आधी भेटलो असतो तर ते वाचले असते, असे मी म्हणत नाही. पण ठिपका तरी मिळाला असता.

कोएनिग, टोरा आणि एलिसे, नॉर्मा गिल यांची माहिती मी शोधली ती त्यानंतर. त्यांनी आपली लाज बाजूला ठेवली म्हणून मला चार वर्षे नीट मिळाली. त्यातला एक माणूस लोकल पकडून माझ्या खाटेपर्यंतही आला होता. तो हिशेब माझ्याकडून मी थांबवून ठेवला होता.

आता कोणाचे कळले तर जातो. सोबत एक रिकामी पिशवी, वाकडी कात्री आणि माप घेण्याचा कागद असतो. चहा होतो, रोगाचे बोलणे होते, घरातले दाराआडून ऐकत असतात. मग मी विचारतो, माझी पिशवी कुठल्या बाजूला आहे ते सांगा. अजून तरी कोणाला सांगता आलेले नाही. मग सदरा वर करतो.